हीट पाइपमध्ये पाणीच का?

घरी हीट पाइप, म्हणजे प्रोसेसरसारख्या तापणाऱ्या भागाची उष्णता दूर वाहून नेणारी बंद नळी, बनवायला घेतली की एक सल्ला हमखास मिळतो: "पाणी नको, ॲसिटोन घाल. पाणी शंभर अंशांना उकळतं, तोवर प्रोसेसर जळून जाईल." हा गैरसमज आहे, आणि तो जायलाच हवा.

पाणी शंभराला उकळतं ते डोक्यावर ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका हवेचा दाब असतो म्हणून. कुकरमध्ये दाब वाढतो, तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब उतरवला की उलट होतं. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये चतकोरभर कढत पाणी ओढा, वरची हवा बाहेर ढकला, तोंड बोटाने गच्च दाबा आणि दट्ट्या जोरात मागे खेचा. चुलीपासून दूर, तुमच्या हातात पाणी खळखळ उकळायला लागतं!

हीट पाइपमध्ये हेच घडतं. तांब्याच्या नळीतली हवा काढून टाकली की आत फक्त पाणी आणि त्याची वाफ उरते. ४० अंशांना त्या वाफेचा दाब जेमतेम ५५ मिलिमीटर असतो. एक टोक जरासं तापलं की तिथलं पाणी वाफ होऊन गार टोकाकडे धावतं, उष्णता सोडतं, पुन्हा द्रव होतं आणि आतल्या तांब्याच्या जाळीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, परत येतं.

आता द्रव निवडू. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. ॲसिटोनच्या बाबतीत पाचशेच्या आसपास. म्हणजे ६० वॅटसाठी सेकंदाला पाणी लागतं ०.०२५ ग्रॅम, ॲसिटोन चौपटीहून जास्त. शिवाय वातीतून द्रव ओढतो तो पृष्ठताण, आणि पाण्याचा पृष्ठताण ॲसिटोनच्या तिप्पट. पृष्ठताण, घनता आणि बाष्पीभवनाची उष्णता यांचा गुणाकार करून त्याला चिकटपणाने भागलं, तर ५० अंशांना पाणी ॲसिटोनच्या जवळपास दहापट सरस ठरतं. 'नॅनो कूलंट' अशा नावाने मिळणाऱ्या द्रवाच्या बाटलीवर पैसे घालवू नका. डिस्टिल्ड वॉटर पुरतं.

नळी मात्र तांब्याचीच हवी. ॲल्युमिनियमशी पाण्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि तो वायू उरलेल्या हवेसारखाच नळीत अडकून बसतो. उपग्रहांतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांत म्हणून अमोनिया भरतात. आणि स्पिरिट किंवा ॲसिटोन भरलेल्या नळीला गॅसच्या टॉर्चची ज्योत लावून झाळ द्यायला जाऊ नका, भडका उडेल.

नळी बंद केल्यावर एक टोक गरम पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकाकडे बोट फिरवत न्या. शेवटचे दोन-तीन इंच गारच लागले, तर आत हवा राहिली आहे. वाफेने ती तिथे रेटून नेली आहे. नळी उघडा आणि पाणी उकळून हवा पुन्हा बाहेर काढा.