विजयनगर चौक, इंदूर : मॉलच्या परिसरातील बसमार्ग

इंदूरच्या ईशान्य भागात आग्रा–मुंबई रस्ता, म्हणजे तिथल्या बोलण्यातला एबी रोड, आणि बापट चौकाकडून रॅडिसन चौकाकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात, तो विजयनगर चौक. मंगल सिटी मॉल चौकातच आहे. सी-२१, त्याला लागून असलेला मल्हार मेगा मॉल आणि ऑर्बिट हे मॉल विजयनगर आणि रसोमा या थांब्यांच्या टापूत येतात. शहराच्या उत्तरेकडच्या अनेक वस्त्यांना राजवाडा, पलासिया किंवा भंवरकुआँ गाठायचे तर इथेच गाडी बदलावी लागते. तरीही इथे स्थानक म्हणून बांधलेली वास्तू नाही. परगावच्या गाड्यांसाठी शहरात गंगवाल आणि सरवटे ही जुनी स्थानके आहेत. त्यांपैकी सरवटे स्थानकाचे नाव संविधान सभेचे सदस्य आणि मराठी लेखक विनायक सीताराम सरवटे यांच्यावरून पडले. विजयनगरला मात्र फक्त थांबे आहेत, आणि या चौकाचा सगळा इतिहास त्या थांब्यांच्या जागा बदलण्याचाच आहे.

मॉल आले म्हणून बसमार्ग आले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. इंदूर विकास प्राधिकरणाने स्कीम नंबर ५४, ७४, ७८ अशा वसाहतींच्या योजना आखल्या, तेव्हा राजवाडा, रामबाग भागातल्या जुन्या वाड्यांतून कुटुंबे इकडे सरकू लागली. त्यांत मराठी घरेही होती. नोकरी, महाविद्यालय, देवदर्शन, नातेवाईक सगळे जुन्या शहरात आणि घर विजयनगरला, अशी स्थिती झाली. रोज जाणे-येणे आलेच. ते भागवले टेम्पो, ‘नगर सेवा’ नावाच्या खासगी मिनीबस आणि सिटी व्हॅन यांनी. वेळापत्रक नव्हते. गाडी भरली की निघायची, आणि भरेपर्यंत चौकात उभी राहायची. विजयनगर हा ‘थांबा’ झाला तो या उभ्या राहण्यामुळे. मॉलवाल्यांनी जागा निवडली तेव्हा माणसांची ये-जा तिथे आधीपासूनच होती.

वळण आले ते डिसेंबर २००५ मध्ये. महानगरपालिका आणि विकास प्राधिकरण यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी स्थापन केली (‘अटल’ हा शब्द तिच्या नावात पुढे आला), आणि जानेवारी २००६ पासून तिच्या गाड्या रस्त्यावर आल्या. हा काळ मुद्दाम लक्षात घ्यायला हवा, कारण याच सुमारास मध्य प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ गुंडाळले जात होते. राज्य सरकार बस चालवण्यातून अंग काढून घेत असताना एका शहराने ती जबाबदारी उचलली. कंपनीने स्वतः गाड्या विकत घेतल्या नाहीत. मार्ग, भाडे आणि वेळ ठरवायचे काम आपल्याकडे ठेवले, आणि गाड्या आणून चालवायचे काम खासगी चालकांना दिले. नगर सेवेच्या काळात गाडीवाला मार्ग ठरवायचा, आता मार्ग आधी ठरू लागला. विजयनगरहून एबी रोडने पलासिया आणि तिथून महात्मा गांधी मार्गाने रीगल, राजवाडा हा प्रवास गाडी भरण्यावर अवलंबून राहिला नाही. त्या काळातल्या भारतीय शहरांत हे काम ठळक होते, आणि इंदूरकरांनी त्याचा अभिमान बाळगला तो योग्यच.

१० मे २०१३ रोजी बीआरटीएसवर, म्हणजे रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेल्या पट्ट्यावर, आयबस नावाची वातानुकूलित बस धावू लागली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा हा पट्टा एबी रोडच्या मधोमध होता. सत्यसाई, विजयनगर, रसोमा, एमआर-९, एलआयजी, पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआँ अशी एकूण २१ स्थानके होती. कडेच्या थांब्यावरचे विजयनगर यामुळे रस्त्याच्या मध्यभागी सरकले. फलाट गाडीच्या तळाच्या उंचीचा होता, दारे आयबसच्या उजव्या बाजूला होती, आणि गाडी नीट लागली की पायरी न चढता सरळ आत जाता यायचे. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईला या एका सोयीचे मोल पुरते ठाऊक आहे. मॉलमधून निघालेला माणूस हातातल्या पिशव्यांसह अर्धा रस्ता ओलांडून फलाटावर यायचा. तो अर्धा रस्ता हीच या व्यवस्थेची कच्ची बाजू होती. सिग्नल नीट पाळला गेला नाही, तर वातानुकूलित गाडीपर्यंत पोहोचणे हेच प्रवासातले सर्वांत धोक्याचे काम ठरे.

तरीही आयबसने रोज सुमारे ५० हजार प्रवासी नेले. शिकवणी वर्गांसाठी भंवरकुआँला जाणारी मुले, पलासियाच्या कचेऱ्यांतले नोकरदार, मॉलमधल्या दुकानांत उभ्याने काम करणाऱ्या मुली, सगळे एकाच गाडीत. मॉलची गर्दी म्हटले की खरेदीदार डोळ्यांसमोर येतो, पण बसच्या दृष्टीने मॉलचा खरा प्रवासी तिथला कामगार आहे. तो रोज येतो, आणि त्याची परतीची वेळ मॉलचे शटर ठरवते. मार्ग आखताना रात्रीच्या शेवटच्या फेरीला महत्त्व द्यावे लागते ते त्याच्यासाठी. मराठी मंडळींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘सानंद’ या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेची नाटके खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात होतात, म्हणजे विजयनगरहून पाहिले तर शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. भंवरकुआँपर्यंत आयबस आणि पुढे रिक्षा, असा हा रस्ता उत्तरेकडच्या प्रेक्षकांसाठी सरळ होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी हा पट्टा काढण्याची घोषणा केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली, आणि लगेच रेलिंग उखडायला सुरुवात झाली. मोटारींच्या कोंडीचे कारण पुढे केले गेले. रस्ता काही फुटांनी रुंद झाल्याने कोंडी सुटते, असा अनुभव कुठल्याच वाढत्या शहराचा नाही, आणि बसला मिळणारा मोकळा रस्ता मात्र कायमचा गेला. उजवीकडे दार असलेल्या गाड्या डाव्या कडेच्या थांब्यावर चालत नाहीत, म्हणजे प्रश्न नुसता रेलिंगचा नव्हता. विजयनगर पुन्हा रस्त्याच्या कडेला आले. तिथे सिटी बस, ई-रिक्षा आणि मॅजिक ही छोटी प्रवासी व्हॅन एकाच जागेसाठी भांडतात, आणि ‘पलासिया, गीता भवन, नवलखा’ अशी हाळी देत मॅजिकवाला दार उघडे ठेवून उभा असतो.

दरम्यान मॉलचा भूगोलच बदलला. डिसेंबर २०२२ मध्ये एमआर-१० हा रस्ता आणि बायपास यांच्या संगमावर फिनिक्स सिटाडेल हा मॉल सुरू झाला. ही जागा मोटारींचा विचार करून निवडलेली आहे. विजयनगरला रस्ता आणि वर्दळ आधी होती, मॉल मागून आले. तिकडे मॉल आधी आला. एमआर-१० वरच कुमेडी इथे आंतरराज्य बस टर्मिनस बांधले आहे, त्यामुळे परगावच्या गाड्यांचा भारही उत्तरेकडे सरकण्याची शक्यता आहे.

मेट्रोचा पहिला सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर सुरू झाला. सुमारे ३१ किलोमीटरच्या पिवळ्या मार्गिकेच्या आराखड्यात बापट चौक, मेघदूत उद्यान, विजयनगर, रॅडिसन अशी ओळीने स्थानके आहेत. ही मार्गिका चौक पूर्व-पश्चिम ओलांडते, तर बसची मुख्य धार एबी रोडने उत्तर-दक्षिण वाहते. त्यामुळे विजयनगरला गाडी बदलणाऱ्यांची संख्या वाढणार आहे. मेट्रोच्या जिन्याच्या पायथ्याशी बसला हक्काची, छपराखालची जागा ठेवणे स्थानकाचे बांधकाम चालू असतानाच शक्य असते, नंतर ती जागा दुकाने आणि वाहनतळ घेतात.