तिकिटावर गवई आधी, नट मागाहून

ग्वाल्हेरचं नाव टपाल तिकिटावर आलं ते गाण्यामुळे नव्हे, संस्थानामुळे. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर इंग्रजी आणि नागरीत ‘ग्वालियर’ असा छाप मारून ती शिंद्यांच्या राज्यात चालवली जात. चेहरा राणीचा, पुढे राजाचा. आपलं म्हणावं असं फक्त नाव. त्यातही कुठे छपाईच्या अक्षराचा खिळा चुकला आणि इंग्रजी नावातल्या ‘ओ’च्या जागी ‘सी’ उमटला. संग्राहक अजून भिंग लावून तो ‘सी’ शोधतात.

स्वातंत्र्यानंतर गाणाऱ्यांना तिकिटावर पहिली जागा मिळाली ती संतांच्या पंगतीत. १ ऑक्टोबर १९५२ च्या सहा तिकिटांत कबीर, तुलसीदास, गालिब आणि टागोरांसोबत मीरा आणि सूरदास होते. नाशिकरोडच्या छापखान्यातून फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने निघालेला हा पहिला संच. या पद्धतीत चित्र धातूच्या रुळावर बारीक खळग्यांत कोरलं जातं. खळगा खोल तितकी शाई दाट, त्यामुळे गालावरची छाया हळूहळू उतरते. व्यक्तिचित्रांना ही छपाई मानवली.

संगीतकाराला संगीतकार म्हणून मान मिळाला १९६१ साली: आधी त्यागराज, मग पं. भातखंडे, दोन्ही १५ नव्या पैशांची. भातखंड्यांचं तिकीट ग्वाल्हेरकरांना जवळचं, कारण माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ साली इथे माधव संगीत विद्यालय उभं राहिलं ते त्यांच्याच आखणीवर. १९७३ साली पं. विष्णु दिगंबर पलुसकर आले. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत घेऊन गेले होते. खुद्द तानसेनाला मात्र १२ डिसेंबर १९८६ पर्यंत थांबावं लागलं. तिकीट एक रुपयाचं. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांचं २००० साली निघालं.

नटाची गोष्ट वेगळी. १९७४ साली मुखवटे आले, १९७५ साली भरतनाट्यम्, ओडिसी, कथक, कथकळी, कुचिपुडी, मणिपुरी अशी सहा नृत्यं आली. कला होती, नर्तकाचं नाव नव्हतं. दादासाहेब फाळके १९७१ सालीच आले होते, पण ते चित्रपट काढणारे. नर्तक उदयशंकर गेले त्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, २६ सप्टेंबर १९७८ रोजी, त्यांचं तिकीट निघालं. बालगंधर्वांचं १९८८ मध्ये, जन्मशताब्दीला. त्यानंतर दार उघडलं: १९९३ साली नर्गिस, १९९५ साली पृथ्वीराज कपूर, २००१ साली व्ही. शांताराम आणि राज कपूर. पुढे तर पूरच. २०११ साली सहा अभिनेत्री एकदम आणि ३ मे २०१३ रोजी, चित्रपटाच्या शताब्दीला, एका दिवसात पन्नास चेहरे सहा शीटलेटांवर, म्हणजे छोट्या तावांवर. त्यात भालजी पेंढारकर, दुर्गा खोटे आणि स्मिता पाटील आहेत. इतके चेहरे दाटीवाटीने बसवले की एकेकाचा मान कमी होतो, असं आमचं मत.

उशिराचं एक कारण रिवाजात आहे. हयात व्यक्तीचं तिकीट सहसा काढत नाहीत; १९५८ साली शंभरीला पोचलेले महर्षी कर्वे हा ठळक अपवाद. शिवाय जन्मशताब्दी, पुण्यतिथी असं निमित्त लागतं, आणि प्रस्ताव सल्लागार समितीपुढून जावा लागतो. बोलपटातले नट १९५०-६० च्या दशकांत हयात होते, कामात होते.

आता गोंधळ होतो तो इथे. गावात एखाद्या कलावंताचा सत्कार होतो आणि ‘त्यांचं तिकीट निघालं’ अशी बातमी येते. बहुतेक वेळा तो माय स्टॅम्प असतो. ही सोय २०११ पासून आहे. १२ तिकिटांच्या तावात पैसे भरणाऱ्याचं छायाचित्र तिकिटाशेजारच्या कोऱ्या जागेवर छापून मिळतं. किंमत आणि देशाचं नाव शेजारच्या मूळ चित्रावर असतं, तिथे नजर टाकली की कळतं. खरं तिकीट आणि माय स्टॅम्प यांशिवाय तिसरा प्रकार विशेष आवरणाचा: छापील पाकीट, खास शिक्का, पण लावलेलं तिकीट नेहमीच्या वापरातलं. तिन्ही जमवावेत, मात्र एका दरात घेऊ नयेत.

फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघाल्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट, घेताना शिक्क्यावरची तारीख पूर्ण वाचता यायला हवी. शाई पसरून चेहऱ्यावर आली असेल तर सोडून द्या. सोबतचं माहितीपत्रक असेल तर उत्तम. २०१३ ची शीटलेटं अखंडच ठेवावीत, कात्री लावली की किंमत पडते. न वापरलेल्या तिकिटांना ग्वाल्हेरचे दोन ऋतू त्रास देतात. मे महिन्यात कोरड्या हवेने गोंद आक्रसतो आणि तिकीट गुंडाळतं. ते बोटांनी सरळ करायला गेलं की दात्यांच्या रेषेवर मोडतं. पावसाळ्यात तोच गोंद ओला होऊन शेजारच्या तिकिटाला किंवा पानाला धरतो. ओढू नका, वरचा थर सुटतो. पाण्यात टाकलं तर सुटेल, पण गोंद जाईल आणि ते कोरं तिकीट म्हणून विकता येणार नाही. म्हणून अल्बम उभा ठेवावा, आडवे गठ्ठे रचू नयेत, आणि जुलै ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पंख्याखाली पानं उघडून ठेवावीत.