शॉकचा बोल्ट फिरतच नाही, तेव्हा आत काय झालेलं असतं?

शॉकॲब्सॉर्बर बदलणं हे तसं मोठं काम नाही. वरचा नट सोडवायचा, खालचा बोल्ट काढायचा, जुना शॉक बाहेर आणि नवा आत. पण काही वर्षं पाण्या-चिखलातून धावलेल्या गाडीखाली शिरलं की याच कामात अख्खा दिवस जातो, कारण तो खालचा बोल्ट हलायचं नाव घेत नाही. मग पान्याला लांब पाइप अडकवून अंगातलं सगळं बळ लावलं जातं आणि बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. हे टाळता येतं. त्यासाठी बोल्ट नेमका कुठे अडकलाय, हे आधी ओळखावं लागतं.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. गंजाच्या प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट असते मिलिमीटरच्या काही शतांश ते दशांश भागाएवढी. तिथे गंज फुगला की पाचर मारल्यासारखे दोन्ही भाग एकमेकांत आवळले जातात. गंमत अशी, की फटीच्या आत ऑक्सिजन कमी असतो, तरी धातू झिजतो तो तिथेच. बाहेर ऑक्सिजन जास्त आणि आत कमी, या फरकामुळे छोटा विद्युत-घट तयार होतो आणि आतलं लोखंड विरघळू लागतं. त्यात मीठ मिसळलं असेल, तर फटीतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं आणि गंजाचा वेग वाढतो. म्हणूनच बाहेरून बरा दिसणारा बोल्ट आतून पक्का धरलेला असू शकतो.

शॉकच्या खालच्या बोल्टची गोष्ट मात्र आणखी वेगळी आहे, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. शॉकच्या टोकाला गोल डोळा असतो, त्यात रबराचा बुश, म्हणजे हादरे झेलणारं जाड कडं, आणि बुशच्या मधोमध पोलादी नळी. बोल्ट या नळीतून आरपार जातो. नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये पाणी साचून राहायला लांबलचक जागा मिळते. त्यामुळे अनेकदा आट्यांपेक्षा ही नळीच बोल्टला धरून बसते. आपण डोकं फिरवतो, नळी सोबत फिरते, रबर पिळलं जातं आणि पाना सोडला की सगळं स्प्रिंगसारखं मागे येतं. इम्पॅक्ट गनचे, म्हणजे ठोके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राचे, ठोकेही रबर गिळून टाकतं. बोल्ट थोडा फिरून मागे येत असेल, तर दोष नळीत आहे हे समजावं आणि तेल नळीच्या दोन्ही तोंडांशी सोडावं. आट्यांवर कितीही ओतलं तरी ते तिथे पोचत नाही.

तेल आत शिरतं ते केशाकर्षणाने. त्यासाठी ते पातळ हवं आणि धातूवर सहज पसरणारं हवं; इंजिनाचं जाड तेल इथे उपयोगाचं नाही. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे खरवडून काढायचे, तेल मारायचं, हातोडीने टकटक करायची, पुन्हा तेल मारायचं आणि शक्य असेल तर रात्रभर सोडून द्यायचं. घाईपेक्षा ही एक रात्र कितीतरी स्वस्त पडते.

फिरवताना सहा कोनी गोटी (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट पाना) घ्यावी. बारा कोनी गोटी गंजून झिजलेल्या डोक्यावरून घसरते आणि उरलेसुरले कोपरेही गोल करते. आधी किंचित आवळून बघावं, मग सोडवावं. त्या उलट्या हालचालीने ठिसूळ गंजाला तडे जातात. जोर किती लावायचा याला मर्यादा आहे. पिळाला तोंड देण्याची बोल्टची ताकद व्यासाच्या घनानुसार बदलते. 12 मिमीचा बोल्ट गंजून 10.8 मिमी उरला, तर डोळ्यांना फरक जाणवतही नाही, पण ताकद 27 टक्क्यांनी घटलेली असते.

एवढं करून हलला नाही, तर उष्णता. पोलादाची 12 मिमीची भोकं 200 अंशांनी तापली की साधारण 0.03 मिमीने मोठी होतात. आकडा छोटा वाटतो, पण फटीच्या मानाने पुष्कळ आहे. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. शॉकजवळ मात्र उघडी ज्योत नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. गॅसच्या शॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजन आणि तेल असतं, तो तापून फुटू शकतो. शेजारी ब्रेकचे होस आणि इंधनाच्या नळ्या असतात. इंडक्शन कॉइल ज्योतीशिवाय फक्त नट तापवते, तरी आधी मारलेलं तेल पुसून घ्यावंच लागतं.

जुना शॉक टाकूनच द्यायचा असेल, तर त्याचा बुश वाचवायची गरज नाही. नळी आणि ब्रॅकेट (शॉकचा डोळा जिच्यात बसतो ती गाडीची पट्टी) यांच्या सांध्यात करवत घालून बोल्ट दोन्हीकडून कापणं हा सरळ मार्ग आहे. फक्त पलीकडचा नट ब्रॅकेटला वेल्ड केलेला नाही ना, हे आधी पाहावं.

वरच्या नटाचा त्रास वेगळा: नटाबरोबर शॉकचा दांडाच फिरतो. दांड्याच्या टोकाला पाना धरायला सपाट कडा किंवा षटकोनी खाच असते, ती पकडून नट फिरवावा. शॉकवर स्प्रिंग चढवलेली असेल, तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरल्याशिवाय मधल्या नटाला हात लावू नये. ती सुटली तर जीव जाऊ शकतो.

बोल्ट त्याच ग्रेडचा नवा घ्यावा. डोक्यावरचं 8.8 म्हणजे सुमारे 800 मेगापास्कल ताणशक्ती, आणि तिच्या 80 टक्क्यांवर तो कायमचा ताणला जाऊ लागतो. तापवलेला बोल्ट पुन्हा वापरू नये, त्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलेलं असू शकतं. नळीत बसणाऱ्या भागाला अँटी-सीझ, म्हणजे धातू एकमेकांत अडकू न देणारं वंगण, लावावं. आट्यांना लावायचं तर कंपनीच्या सूचना पाहाव्यात, कारण घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. आणि खालचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून. हवेत लटकलेल्या चाकानिशी आवळला, तर गाडी खाली येताच नवा बुश कायमचा पिळलेला राहतो आणि रबर लवकर फाटतं.