ई-कचऱ्याचा हिशेब: मधला टप्पा झाकलेलाच

मुंबईत जुना संगणक किंवा बंद पडलेला फ्रिज सहसा कोणी फेकत नाही, विकतो. दारावरचा भंगारवाला, मग कुर्ला-साकीनाक्याकडचे गाळे, तिथून धातूनुसार वेगवेगळी गिऱ्हाइकं. हा धंदा कायदा येण्याच्या खूप आधीपासून काट्यावर आणि रोखीत चालत आला. बिल निघालंच, तर त्यावर ‘मिक्स स्क्रॅप’ एवढंच. माल कुठून आला आणि कुठे गेला, हे विचारायचं कारण कोणालाच नव्हतं.

ई-कचऱ्याचे, म्हणजे टाकाऊ विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे, २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि आपल्या जुन्या मालाची विल्हेवाट लावायची उत्पादकाची जबाबदारी पहिल्यांदा कागदावर आली. पण तिला आकडा नव्हता. किती टन गोळा करायचं हेच ठरलेलं नसल्यामुळे काही न करणाऱ्यालाही चुकल्याचा ठपका बसत नव्हता.

१ ऑक्टोबर २०१६ पासून आलेल्या नियमांनी आणि २०१८ च्या दुरुस्तीने आकडा आणला: उत्पादकाच्या मालातून तयार होणाऱ्या कचऱ्यापैकी २०१७-१८ साठी १० टक्के, पुढे दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत ७० टक्क्यांपर्यंत. मालासोबत चार प्रतींची वाहतूक पावती आली. पिवळी देणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे राहायची, आणि हिरवी घेणाऱ्याची सही होऊन देणाऱ्याकडे परत यायची. कल्पना चांगली होती. पण हिरवी प्रत एवढंच सांगायची की ट्रक दारात पोचला. आत काय झालं ते तिच्यात नव्हतं. त्या काळात भाग सुटे करणारा आणि पुनर्चक्रण करणारा असे दोन वेगळे परवाने होते. पहिल्याने माल उघडून सर्किट बोर्ड दुसऱ्याला द्यायचे, असा क्रम. बोर्डाला गाळ्यात भाव जास्त मिळाला की ते तिकडे वळायचे, आणि त्यांच्यावरचं सोनं ॲसिडच्या टबात सुटायचं. वजन मात्र ‘प्रक्रिया झाली’ म्हणून नोंदलेलंच राहायचं. एकच माल दोन कंपन्यांच्या खात्यांत दाखवायलाही वाव होता, कारण दोन्ही वह्या समोरासमोर ठेवणारी यंत्रणाच नव्हती.

यावर उतारा म्हणून २ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झालेले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम आले. वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली, भाग सुटे करणाऱ्याचा वेगळा वर्ग गेला, सगळी नोंदणी एका केंद्रीय पोर्टलवर आली. सगळ्यांत वादाचा निर्णय मोजणीचा होता. आत किती कचरा आला यापेक्षा बाहेर किती धातू निघाला यावर प्रमाणपत्र द्यायचं ठरलं, तेही चारच धातूंवर: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड. निघालेल्या धातूच्या वजनाला ठरावीक गुणक लावून प्रमाणपत्र तयार होतं आणि आपली जबाबदारी पुरी झाल्याचं दाखवायला उत्पादक ते विकत घेतो.

या मोजणीच्या बाजूने मुद्दा असा की धातू विकला की जीएसटीचं बिल निघतं, आणि बिल पडताळता येतं. ते खरं आहे. पण तांबं एकदा वितळलं की ते जुन्या मदरबोर्डातलं की पाडलेल्या इमारतीच्या वायरिंगमधलं, हे कोणालाच सांगता येत नाही. बाजारातून तांब्याचं भंगार घ्यायचं, ओतायचं आणि ई-कचऱ्यातलं म्हणून विकायचं; बिल खरं, धातू खरा, उगम तेवढा खोटा. प्लास्टिकच्या अशाच प्रमाणपत्र योजनेत २०२३ मध्ये लाखो बनावट प्रमाणपत्रं सापडली होती, तेव्हा ही शंका हवेतली नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. विषारी भाग या चार धातूंत येतच नाही. १० टन जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही फोडले, तर निम्म्याच्या आसपास वजन काचेचं निघतं आणि तिच्या मागच्या भागात शिसं असतं. ती काच तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायला पैसे लागतात आणि बदल्यात प्रमाणपत्राचा एक किलोही मिळत नाही. फ्रिजचा फोम आणि गॅस, अग्निरोधक रसायनांचं प्लास्टिक यांचंही तेच. फ्रिज तर अनेकदा कॉम्प्रेसर आधीच काढलेल्या अवस्थेत येतो, कारण लोखंड, तांबं आणि भाव त्यातच असतो.

म्हणून तपासणाऱ्याने बिलाआधी ताळेबंद मागायला हवा: किती वजन आत आलं आणि कशाकशाच्या रूपात बाहेर गेलं. त्या १० टनांतून आठ टन धातू दाखवला असेल, तर बाहेरचा माल मिसळला आहे. काचेच्या विल्हेवाटीची पावती नसेल, तर काच कुठेतरी टाकून दिली गेली आहे. श्रेडरचं, म्हणजे माल फाडून तुकडे करणाऱ्या यंत्राचं, वीजबिल महिनोन्महिने सारखंच आणि उत्पादन तिप्पट, हेही जमत नाही. बोर्ड परदेशी स्मेल्टरला, म्हणजे धातू वितळवून वेगळा करणाऱ्या कारखान्याला, गेले असतील, तर निर्यातीची कागदपत्रं आणि तिथल्या धातूचाचणीचा अहवाल हवा. जुने संगणक देणारी कार्यालयं हार्डडिस्क नष्ट झाल्याची यादी सीरियल क्रमांकासह मागतात. बोर्ड कोणाला विकले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

२०२४ मध्ये घरगुती उपकरणांच्या प्रमाणपत्राला किलोमागे किमान २२ रुपये दर ठरला. आधीचे व्यवहार यापेक्षा बरेच स्वस्तात होत होते, म्हणून काही मोठ्या उत्पादक कंपन्या न्यायालयात गेल्या. खर्च ग्राहकावर पडेल, असं त्यांचं म्हणणं. पण काच, फोम आणि गॅस यांची नीट विल्हेवाट लावून त्या जुन्या भावात कोणाचाही हिशेब बसत नव्हता. दर वाढला तरी बनावट प्रमाणपत्राचा नफाही तितकाच वाढतो, आणि ते पकडायचं तर कारखान्याचा आवक-जावक ताळेबंद, विल्हेवाटीच्या पावत्या आणि पुढच्या खरेदीदारांची यादी कोणालाही पाहता यायला हवी. आज कारखान्यांची नावं आणि परवान्यातली क्षमता सहज मिळते. त्या क्षमतेपैकी प्रत्यक्षात काय फोडलं आणि उरलेलं कुठे गेलं, ते मिळत नाही.