शून्य बाइटची फाइल

“समदं गयं, मामा!” रावेरहून भाच्याचा फोन. मे महिन्याची दुपार, लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, आणि गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कमिट (बदलांची पक्की नोंद) करतानाच लाइट गेली. आता काहीही करा, एकच उत्तर: ऑब्जेक्ट फाइल (गिट ज्यात मजकूर साठवतं ती) रिकामी आहे. केळीच्या हिशोबाचं अ‍ॅप, चार महिन्यांची मेहनत, सर्व्हरवर प्रत नाही. शेजारच्या काकूंनी नजर लागली म्हणून टेबलाला लिंबू-मिरचीही बांधली. नजर कसली? मजकूर डिस्कवर पक्का उतरण्याआधी वीज गेली, की फाइलचं नाव उरतं आणि आत शून्य बाइट.

“आधी सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घे, मग हात लाव,” एवढं मी बजावलं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी गिट लिहिलं. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे बारसं. इथे वस्तूचं, म्हणजे ऑब्जेक्टचं, नाव आपण ठेवत नाही, मजकुरातूनच ते निघतं. मजकुरापुढे त्याचा प्रकार आणि लांबी जोडून एसएचए-१ हे गणित चालवलं, की १६० बिट, म्हणजे ४० अक्षरी नाव मिळतं. पहिली दोन अक्षरं फोल्डरची, उरलेली ३८ फाइलची. एक स्पेस बदलली तरी नाव पार वेगळं. मजकूर तोच असेल तर रावेरात काय नि टोकियोत काय, नाव तेच. फाइलींच्या मजकुराचे ब्लॉब, त्या ब्लॉबांच्या नावांची यादी म्हणजे ट्री, आणि ट्रीचं नाव, आधीच्या कमिटचं नाव, लेखक, वेळ मिळून कमिट.

म्हणजे नाव शाबूत असेल, तर हरवलेला मजकूर सापडला की नाही हे ताडून पाहता येतं.

भाच्याच्या चार फाइली रिकाम्या निघाल्या: दोन ब्लॉब, एक ट्री, एक कमिट. त्या बाजूला काढल्या. त्याने लिहिलेला कोड फोल्डरात जसाच्या तसा होता. मजकुरातून नाव काढून तो साठवणाऱ्या हॅश-ऑब्जेक्ट कमांडने कोडच्या त्या दोन्ही फाइली पुन्हा आत घातल्या, तर तीच ४० अक्षरं उमटली. मग गिटच्या लॉग्ज (नोंदी) फोल्डरातली हेड नावाची फाइल उघडायला लावली. तिच्या शेवटच्या ओळीत सुरुवातीलाच दोन नावं असतात, आधीच्या कमिटचं आणि नव्याचं. नवं मेलेलं, आधीचं जिवंत. ब्रँच, म्हणजे शेवटच्या कमिटकडे बोट दाखवणारी खूण, त्या आधीच्या नावावर परत नेली आणि कमिट पुन्हा केलं.

ट्रीचं नाव अक्षर न् अक्षर जुनंच आलं. कमिटचं मात्र नवं, कारण त्यात वेळ असते, आणि तोवर लाइट येऊन दोन तास झाले होते.