पासाउ ते व्हिएन्ना, डोनाऊच्या (म्हणजे डॅन्यूब नदीच्या) काठाने सायकलवर : निघायच्या आधी हे नक्की वाचा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आम्हाला जमेल का हो?" म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पासाउ ते व्हिएन्ना अंतर साधारण ३२० किलोमीटर, आपण ते सात दिवसांत करतो म्हणजे दिवसाला सरासरी ४५, आणि आपण नदी वाहते त्याच बाजूने जातो. पासाउ समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास आणि व्हिएन्ना १६०च्या आसपास, एवढाच उतार, तोही ३२० किलोमीटरवर पसरलेला, त्यामुळे रस्ता तुम्हाला सपाटच वाटेल. वाराही बहुतेक दिवस पश्चिमेकडून म्हणजे तुमच्या पाठीमागून असतो. "व्हिएन्नाहून उलटं करूया, फ्लाइट स्वस्त पडते" असं कोणीतरी सुचवतंच, पण आम्ही तसं नेत नाही, वाऱ्याच्या तोंडावर रोज ४५ किलोमीटर मारले की तिसऱ्या दिवशी लोक वैतागतात.

रस्ता इतका सपाट कसा, तर तो मुळात घोड्यांसाठी केलेला. पूर्वी मालाच्या बोटी प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या तर काठावरून घोडे दोराने ओढत न्यायचे, त्या वाटेला तिथे ट्रेपेलवेग म्हणतात. वाफेची जहाजं आली, घोडे गेले, वाट राहिली आणि १९८०च्या दशकात बऱ्याच ठिकाणी तिचाच सायकल ट्रॅक झाला. म्हणून तुम्ही तासन् तास अगदी पाण्याला लागून चालवत असता.

डावा काठ की उजवा?

ट्रिपमध्ये आमचं खरं काम हेच आहे असं समजा. ट्रॅक बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांनी आहे, आणि एका काठावर गाड्यांचा रस्ता शेजारी असतो तेव्हा दुसऱ्यावर कित्येकदा फक्त झाडं आणि पाणी असतं. एकच काठ धरून व्हिएन्ना गाठणारे खूप लोक आम्ही बघतो, पोचतात ते पण अर्धी मजा पलीकडे राहते. म्हणून रोज सकाळी आम्ही त्या दिवसाचा काठ सांगतो (डावा-उजवा नेहमी नदी वाहते तिकडे तोंड करून ठरवायचा, यात गोंधळ करू नका).

पासाउ जर्मनीत आहे, बव्हेरियात, इथे डोनाऊ, इन आणि इल्त्स अशा तीन नद्या मिळतात. जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर पुराच्या खुणा काढल्यात त्या जरूर बघा. जून २०१३मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१नंतर एवढा पूर आला नव्हता. पुढे योखेनश्टाइनच्या धरणापासून डावा काठ, फार शांत. श्ल्योगेनला नदी दगडी डोंगराला अडून अख्खी उलटी फिरते, ते वळण वरून बघायला जंगलातून अर्धा तास चढावं लागतं, चढा. त्या वळणापाशी डाव्या काठाचा ट्रॅकच संपतो, मग सायकली छोट्या बोटीत घालून पुढे जायचं.

लिंट्सच्या आधी ऑटेन्सहाइमची फेरी लागते आणि ती मला सगळ्यात आवडते. आपल्या कोकणात तरीतून पलीकडे जातो ना तसंच, फक्त इथे इंजिनही नाही आणि वल्हंही नाही. नदीवर आडवी जाड तार ताणलेली आहे, फेरी त्या तारेला दोराने बांधलेली, नावाडी फेरी जरा तिरकी करतो आणि प्रवाहच तिला ढकलत पलीकडे नेतो. आवाज फक्त पाण्याचा. आमच्या एका ग्रुपमधल्या काकांनी मुद्दाम परत जाऊन दोन फेऱ्या जास्त मारल्या होत्या.

लिंट्सपासून २०-२२ किलोमीटरवर माउटहाउझेन. तिथे १९३८ ते १९४५ नाझींची छळछावणी होती, सुमारे १,९०,००० माणसं आणली गेली आणि किमान ९०,००० मेली. दगडाच्या खाणीत १८६ पायऱ्या आहेत, कैद्यांना खांद्यावर ग्रॅनाइटचे धोंडे देऊन त्यावरून चढवायचे. छावणी टेकडीवर आहे, आम्ही व्हॅनने नेतो, अर्धा दिवस राखून ठेवलाय. ज्यांना नको वाटेल त्यांनी खाली गावात थांबलं तरी चालेल, पण शक्य असेल तर या, आणि तिथे सेल्फी, ग्रुप फोटो प्लीज नको.

ग्राइनला १७९१चं छोटंसं नाटकघर आहे, नाटकवेड्या लोकांनी चुकवू नका. तिथून पुढे उजवा काठ, मेल्कपर्यंत.

वाखाऊत घाई नाही

मेल्क ते क्रेम्स हा ३६ किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाऊ, २०००पासून युनेस्कोच्या यादीत. सुरुवातीच्या बॅचला आम्ही तो अर्ध्या दिवसात उरकला होता, ती आमची चूक, आता दोन दिवस देतो. मेल्कचा मठ १०८९पासून बेनेडिक्टाइन साधूंचा, आत्ताची पिवळी बरोक इमारत १७०२ नंतर बांधलेली, लायब्ररीसाठी वेळ ठेवा. मग डाव्या काठाला श्पिट्स, वाइसनकिर्शन, ड्युर्नश्टाइन ही द्राक्षवाल्यांची गावं, आणि उजव्या काठाला जर्दाळूच्या बागा आणि जवळपास शुकशुकाट. पलीकडे न्यायला फेरीबोटी आहेत, दोन्ही काठ करा. डोंगरावर द्राक्षांचे मळे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेत, त्यांच्या भिंती बिनचुन्याच्या, नुसता दगडावर दगड, अगदी आपला गडगा. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३च्या हिवाळ्यात कैदेत होता. वर चढायला वीसेक मिनिटं लागतात, पाणी सोबत घ्या.

ताजे जर्दाळू साधारण जुलैच्या मध्याला येतात, तिथे त्याला मारिले म्हणतात. मारिलेनक्न्योडेल खाल्ल्याशिवाय वाखाऊ सोडायचं नाही. टोपफेनचं, म्हणजे जवळपास आपल्या चक्क्याचं, पीठ मळतात, आत अख्खा जर्दाळू, बी काढून तिच्या जागी साखरेचा खडा, मोदकासारखं बंद करून उकळत्या पाण्यात शिजवायचं आणि लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचं. कापलं की आतून गरम आंबटगोड रस येतो, जीभ सांभाळा.

क्रेम्सनंतर उजव्या काठाने टुल्न, चित्रकार एगॉन शीले १८९०मध्ये इथे जन्मला. वाटेत त्स्वेंटनडॉर्फचं अणुवीज केंद्र दिसतं, पूर्ण बांधून झालेलं पण १९७८च्या सार्वमतात ५०.४७ टक्के लोक नको म्हणाले म्हणून कधी सुरूच केलं नाही. शेवटचा दिवस ४० किलोमीटरच्या आतबाहेर, थेट व्हिएन्नात.

शाकाहारी मंडळींसाठी

मिळतं, पण विचारून घ्या. सूप साधं दिसलं तरी बऱ्याचदा बीफच्या स्टॉकवर असतं, आणि व्हिएन्ना पद्धतीच्या बटाट्याच्या सॅलडमध्येसुद्धा तो स्टॉक घालतात, हे कोणी आपणहून सांगत नाही. "ओने फ्लाइश, ओने श्पेक" म्हणजे मांस नको, बेकन नको, एवढं पाठ करा. केझश्पेट्सले (चीजमधले पिठाचे तुकडे, वर तळलेला कांदा) पोटभरीचं आहे, पण त्याच्यातही श्पेक नाही ना ते विचारा. दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसली की तो हॉयरिगर, शेतकरी आपल्याच मळ्याची वाइन तिथे विकतो, न पिणाऱ्यांनी ट्राउबनझाफ्ट मागा, द्राक्षाचा रस. पण वाइन पिऊन सायकल चालवायची नाही, ऑस्ट्रियात सायकलवाल्यालाही दंड होतो.

थोडं कामाचं

जड बॅगा व्हॅनने पुढच्या हॉटेलवर जातात, सायकलवर फक्त रेनकोट, पाणी, खाऊ, पासपोर्ट. रविवारी दुकानं बंद असतात, खाऊ शनिवारीच घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या. उजव्या बाजूने चालवायचं, सवय नसते म्हणून पहिल्या दिवशी आम्ही पासाउतच तासभर सराव घेतो. "उमलाइटुंग" पाटी दिसली की वाट वळवलीय, नकाशावर हट्ट धरू नका, पाटीचं ऐका. हेल्मेट तिथे कायद्याने लहान मुलांना सक्तीचं, आमच्या ट्रिपला सगळ्यांना. गावात समोरून कोणी "ग्रुस गॉट" (तिथला नमस्कार) म्हटलं तर तुम्हीही म्हणा.

व्हिसा: पासाउची एकच रात्र जर्मनीत, बाकी सगळ्या ऑस्ट्रियात, त्यामुळे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नका.

आणि एक, बुकिंग फॉर्मवर तुमची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा, अंदाजे नको, भिंतीला उभं राहून मोजा. सीट दोन इंच खाली-वर असली तर दुसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर तेही कळवा, ई-बाईक आधी सांगितलं तरच मिळते, तिथे पोचल्यावर ऐन सीझनला शिल्लक नसतात.