हद्दवाढ

हद्दवाढ : (नगरसीमाविस्तार). शहराच्या कायदेशीर सीमेबाहेरील वस्ती, गावे किंवा मोकळी जमीन अधिनियमाने, शासकीय अधिसूचनेने अथवा मतदानाने त्या शहराच्या स्थानिक संस्थेत समाविष्ट करण्याची प्रक्रिया. बरोबरीची दोन शहरे एकमेकांत विलीन झाली, तर त्यास एकत्रीकरण म्हणतात. व्यवहारात मात्र दोहोंतील भेद पुसट असतो. वस्ती आधी सीमेबाहेर पसरते आणि सीमा मागाहून तिला गाठते, हा सर्वसाधारण क्रम होय. ओसाड किंवा शेतजमीनच आधी हद्दीत ओढून घेणारी लॉस अँजेल्स व ह्यूस्टन ही शहरे त्यास ठळक अपवाद आहेत.

सीमेबाहेरील विरळ, वाहनावलंबी व विस्कळीत वाढीस मराठीत नगरपसारा म्हणतात. तिच्या ‘स्प्रॉल’ या इंग्रजी नावाच्या उगमाविषयी एकमत नाही. टेनेसी खोरे प्राधिकरणातील नियोजनकार अर्ल ड्रेपर यांनी 1937 मध्ये नियोजनकारांच्या एका परिषदेत तो शब्द योजला, असे अमेरिकी लेखक सहसा सांगतात. अमेरिकी पत्रकार विल्यम व्हाइट यांच्या 1958 मधील लेखामुळे तो सर्वतोमुखी झाला, याबद्दल फारसा वाद नाही. तथापि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पट्ट्यासारखी पसरणारी घरे ब्रिटनमध्ये त्याआधीच चिंतेचा विषय झाली होती आणि 1935 मध्ये त्यांना आवर घालणारा अधिनियमही संमत झाला होता. स्कॉटिश नगरनियोजनकार पॅट्रिक गेडिस यांनी तर 1915 मध्येच एकमेकांत मिसळलेल्या नगरांच्या समूहास ‘कॉनर्बेशन’ हे नाव दिले होते. (हेच गेडिस पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.) तेव्हा शब्द अमेरिकेत रुजला असला, तरी कल्पना ब्रिटनमध्ये आधी आकारास आली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

आधुनिक हद्दवाढीचे पहिले मोठे उदाहरण म्हणून बहुधा फिलाडेल्फियाकडे बोट दाखवले जाते. 1854 मध्ये हे सुमारे 5 चौ.किमी.चे शहर भोवतालच्या संपूर्ण काउंटीशी (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाशी) एकरूप होऊन 300 चौ.किमी.हून मोठे झाले. जुन्या शहराच्या सीमेवर पोलिसांना दंगलखोरांचा पाठलाग थांबवावा लागे, हे त्यामागील एक तात्कालिक कारण होते. पॅरिसमध्ये 1 जानेवारी 1860 रोजी तटबंदीपर्यंतची बेलव्हिल, मोंमार्त्र, बेर्सी इ. गावे शहरात आली आणि प्रभाग 12 वरून 20 झाले. येथे कळीचा मुद्दा जकातीचा होता. जुन्या जकात नाक्यांबाहेर मद्य स्वस्त मिळे; त्यामुळे गुत्ते, वखारी व कारखाने नाक्यापलीकडे वाढले होते. हद्द सरकली, तशी जकातही सरकली. बृहद् बर्लिन अधिनियमान्वये 1920 मध्ये बर्लिनचे क्षेत्र 66 चौ.किमी.वरून सु. 878 चौ.किमी. झाले, 7 नगरे, 59 ग्रामसंस्था व 27 जमीनदारी क्षेत्रे एकाच वेळी त्यात सामावली.

शहरास हद्दवाढ हवी असण्याची कारणे थोडक्यात अशी : कराचा पाया, पाणी व मैलापाण्याच्या वाहिन्यांचे एकसंध नियोजन, आणि शहरातील सुविधा वापरून कर बाहेर भरणाऱ्यांना खर्चात सामील करून घेणे. गावांना ती नको असण्याची कारणे म्हणजे वाढीव घरपट्टी, जमिनींवर पडणारी आरक्षणे आणि हाताशी असलेली सत्ता गमावणे. पाणी हे यातील सर्वांत प्रभावी हत्यार ठरले आहे. लॉस अँजेल्सने 1913 मध्ये ओवेन्स खोऱ्यातून कालवा आणला. शहराचे पाणी हवे असेल तर शहरात यावे लागेल या धोरणामुळे 1915 मध्ये सॅन फर्नांडो खोऱ्याचा बराच भाग हद्दीत दाखल झाला. त्याच्या नेमके उलट, बॉस्टनशेजारच्या सधन ब्रुकलाइनने 1873 मध्ये विलीनीकरण मतदानाने नाकारले. त्यानंतर अमेरिकेतील अनेक उपनगरांनी तोच कित्ता गिरवला. कॅलिफोर्नियातील लेकवुडने 1954 मध्ये स्वतंत्र नगर होऊन पोलीस, रस्ते आदी सेवा काउंटीकडून कंत्राटाने घेतल्या. तेव्हापासून ‘सेवांसाठी मोठे शहर हवेच’ हा युक्तिवाद लंगडा पडला.

संमती कोणाची, हा हद्दवाढीच्या विधिशास्त्रातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न. न्यूयॉर्कच्या एकत्रीकरणासाठी 1894 मध्ये झालेल्या मतदानात ब्रुकलिनने अवघ्या 277 मतांनी होकार दिला. 1898 मध्ये एकत्रित शहर अस्तित्वात आले. पिट्सबर्ग व ॲलेगेनी यांच्या बाबतीत दोन्ही शहरांची मते एकत्र मोजण्यात आली. लहान ॲलेगेनीचे बहुमत विरोधात असूनही एकूण बेरीज अनुकूल ठरली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1907 मध्ये ‘हंटर विरुद्ध पिट्सबर्ग’ खटल्यात ही पद्धत ग्राह्य धरली : नगरसंस्था हे राज्याचे अपत्य असून तिच्या सीमा राज्य इच्छेनुसार बदलू शकते. या तत्त्वास मर्यादा पडल्या त्या वंशभेदाच्या प्रकरणांत. अलाबामातील टस्कीगी नगराची चौकोनी हद्द कातरून 28 बाजूंची करण्यात आली होती आणि त्यामुळे जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय मतदार नगराबाहेर गेले होते. हे न्यायालयाने 1960 मध्ये अमान्य केले. हे खरे तर हद्दकपातीचे उदाहरण. पण हद्दवाढीनेही तोच परिणाम साधता येतो. व्हर्जिनियातील रिचमंडने 1970 मध्ये शेजारच्या काउंटीचा सु. 60 चौ.किमी. भाग घेतला, तेव्हा कृष्णवर्णीयांचे प्रमाण 52 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर आले. न्यायालयाने 1975 मध्ये ही वाढ सरसकट रद्द ठरवली नाही, मात्र प्रतिनिधित्व न्याय्य राखणाऱ्या प्रभागपद्धतीची अट महत्त्वाची मानली. टेक्सासमध्ये शहरांना रहिवाशांच्या संमतीविना हद्द वाढवता येत असे आणि ह्यूस्टन त्या बळावर सु. 1,600 चौ.किमी.पर्यंत पोचले, 2017 व 2019 च्या अधिनियमांनी ही मुभा जवळजवळ संपुष्टात आणली.

भारतात हद्दवाढ हा राज्य शासनाचा अधिकार असून मतदानाची तरतूद सहसा नसते. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 243-थ राज्यपालांना लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार इ. निकषांवर क्षेत्र अधिसूचित करण्यास सांगतो. हरकती व सूचना मागवण्याचे कायदेशीर मोल किती, यावर न्यायनिर्णयांत तफावत आढळते. हिमाचल प्रदेशातील बलदेव सिंग प्रकरणी (1987) सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांना बाजू मांडण्याची संधी आवश्यक मानली. कल्याण महानगरपालिकेच्या स्थापनेवेळी उल्हासनगर आधी प्रस्तावित हद्दीत होते, नंतर वगळले गेले. त्यावरील भाटिजा प्रकरणात (1989) मात्र हद्दनिश्चिती हे विधायी (कायदे करण्याच्या) स्वरूपाचे कार्य असल्याने अधिनियमात सांगितल्यापलीकडे नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू होत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. प्रशासकीय प्रघात पाहता ही दुसरी भूमिका अधिक टिकलेली दिसते. बृहन्मुंबईची हद्द 1950 व 1957 अशा दोन टप्प्यांत उपनगरांपर्यंत नेण्यात आली. पुण्यात 2017 मध्ये 11 व 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाली.

हद्दवाढीच्या परिणामांविषयी अभ्यासकांत दोन परंपरा आहेत. अमेरिकी अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबू यांनी 1956 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार अनेक लहान नगरसंस्था असल्या की नागरिक आपल्याला परवडणारा कर व सेवांचा मेळ निवडून तेथे राहायला जातो. घर बदलणे सर्वांनाच परवडते, हे तिचे गृहीतक अर्थातच नाजूक आहे. उलट अमेरिकेतील ॲल्बुकर्कचे माजी महापौर डेव्हिड रस्क यांच्या मते हद्द ‘लवचिक’ (म्हणजे वाढवता येण्याजोगी) असलेल्या शहरांत वांशिक व आर्थिक दरी कमी राहते. रस्क यांची आकडेवारी भरपूर आहे. परंतु लवचिक शहरे बहुतांशी दक्षिण व पश्चिमेकडील नव्या, वाढत्या प्रदेशांत असल्याने कारण व परिणाम वेगळे काढणे अवघड जाते.

हद्द न वाढवता प्रादेशिक वाढीस वळण देण्याचे प्रयोगही झाले आहेत. लंडनभोवतीच्या हरितपट्ट्यासाठी 1938 मध्ये अधिनियम झाला. पट्ट्याने वाढ थोपवली की पट्ट्यापलीकडे उडी मारायला लावली, यावर वाद आहे. ऑरेगनमधील पोर्टलंडच्या प्रदेशाने 1979 मध्ये नगरवाढीची रेषा, म्हणजे शहरी विकास जिच्या आत राखायचा अशी मर्यादा, आखली. मिनेसोटातील मिनीॲपोलिस-सेंट पॉल परिसरात 1971 च्या अधिनियमानुसार व्यापारी-औद्योगिक करपायाच्या वाढीपैकी 40 टक्के भाग सामाईक खात्यात जमा धरून नगरांत वाटला जातो. सीमा जागेवर ठेवून पैसा सरकवण्याची ही युक्ती चमकदार असली, तरी तिचे अनुकरण फार थोड्या ठिकाणी झाले.

विलीनीकरण कायम टिकतेच असे नाही. टोरांटोत 1997 मधील सल्लात्मक मतदानात सुमारे तीनचतुर्थांश मते विरोधात पडूनही प्रांत शासनाने 1998 मध्ये सहा नगरसंस्था एक केल्या. त्या एकच राहिल्या. माँट्रिऑल बेटावरील 2002 चे एकत्रीकरण मात्र 2004 मधील सार्वमतानंतर अंशतः उलटले आणि 2006 मध्ये 15 नगरे पुन्हा वेगळी झाली. दिल्लीची महानगरपालिका 2012 मध्ये त्रिभाजित होऊन 2022 मध्ये पुन्हा एक झाली. बंगळूरुत याच्या उलट क्रम दिसतो : 2007 मध्ये भोवतालच्या नगरपालिका व 110 गावे सामावून बृहत् महानगरपालिका झाली आणि 2025 मध्ये तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या.